पाचशे अडुसष्ट मैल

शॉमबर्ग, इलिनॉय
८ एप्रिल २०२५

नीलांबरी वहिनींना दिगंबरचा नमस्कार.

तुमचं जाड पाकीट शनिवारी पोचलं. जानेवारी ते मार्चच्या डिझेलच्या पावत्या, रोजच्या मैलांची वही आणि वहीत दबून भुगा झालेली एक चकली, असं सगळं मिळालं. चकली शोभाने जप्त केली. तिचं तेल मात्र सात पावत्यांना लागलंय. वहिनी, या पावत्या चार वर्षं जपाव्या लागतात. आकडा वाचता आला नाही, तर तिथे भरलेला कर भरलाच नाही असं धरतात. पुढच्या वेळी चकल्या वेगळ्या पाकिटात आणि भरपूर पाठवाव्यात.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "पंपावर डिझेलबरोबर कर घेतातच, मग दर तीन महिन्यांनी हा परत कसला कर? भाऊजी, तुम्ही मला गंडवत तर नाही?" दर एप्रिलला हा प्रश्न येतो. दादा होता तेव्हा तो विचारायचा, आता तुम्ही विचारता. म्हणून पुन्हा एकदा सांगतो.

तुम्ही टाकी भरता टेनेसीत, कारण तिथे स्वस्त पडतं. इलिनॉयमध्ये महाग म्हणून नाइलाज झाल्याशिवाय एक थेंब घेत नाही. पण ट्रक तर इलिनॉयच्या रस्त्यांवरूनही धावतो. इलिनॉय म्हणतं, रस्ता माझा झिजला, कर टेनेसीला का? म्हणून दर तिमाहीला आपण सांगायचं की कुठल्या राज्यात किती मैल धावलो आणि कुठे किती गॅलन घेतलं. एकूण मैलांना एकूण गॅलनने भागलं की ट्रकचं ॲव्हरेज निघतं, आणि त्यावरून कुठल्या राज्यात किती डिझेल जाळलं ते. जिथे जाळलं पण घेतलं नाही तिथे कर द्यायचा, जिथे घेतलं पण जाळलं नाही तिथला परत मिळतो. हे सगळं एकाच फॉर्मवर आपल्या जॉर्जियाकडे भरायचं, वाटणी जॉर्जिया करतं. याचं नाव इफ्टा. यात गंडवण्यासारखं काही असतं, तर मी रिटायर होईपर्यंत अकाउंटंट राहिलो नसतो.

आता खरा मुद्दा. ओडोमीटर सांगतो की तीन महिन्यांत ट्रक २४,३१० मैल धावला. तुमच्या वहीतल्या सगळ्या राज्यांची बेरीज होते २३,७४२. म्हणजे ५६८ मैल कुठेच नाहीत. मालाचा फेरा असो की स्वतःचं काम, चाक फिरलं की तो मैल कुठल्या तरी राज्याच्या नावावर लागलाच पाहिजे. ट्रक उडाला असेल तर तसं कळवा, विमानाचा फॉर्म वेगळा असतो.

तीस एप्रिल शेवटची तारीख आहे.

आपला,
दिगंबर

* * *

अल्फारेटा, जॉर्जिया
१३ एप्रिल २०२५

दिगंबरभाऊजी,

शोभाला सांगा, चकल्यांचा वेगळा डबा निघालाय. तुमची एक धरून हिशेब केलाय, बाकीच्या तिच्या.

इफ्टा समजला. पुढच्या एप्रिलपर्यंत नक्की लक्षात ठेवीन.

पाचशे अडुसष्ट मैलांचं काय घेऊन बसलात? आमचं इंजिन अठ्ठ्याण्णव सालचं. नव्या ट्रकमध्ये आपोआप सगळं टिपणारं यंत्र असतं, ते जुन्या इंजिनांना सक्तीचं नाही, म्हणून मी हाताने लिहिते. अटलांटा ते शिकागो, शिकागो ते अटलांटा, तीन महिन्यांत सोळा फेरे. एखादा एक्झिट चुकतो, कुठे रस्त्याचं काम असतं, कुठे पार्किंग शोधत फिरावं लागतं. लिहायचं राहून गेलं असेल. घाला सगळे इंडियानात. इंडियाना इतकं सपाट आहे की पाचशे मैल जास्त झाले तर त्याचं त्यालाही कळायचं नाही.

तुम्हाला रस्त्यावरचं काय कळणार म्हणा. शॉमबर्गहून देवळापर्यंत गाडी नेता आणि आल्यावर दुपारभर आडवे होता, असं शोभाच सांगते.

रवींद्र सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ट्रक घ्यायला निघाले, तेव्हा "दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का" असं विचारणारे एकटे तुम्ही होतात. आणि त्या ट्रकचे कागद इतकी वर्षं फुकट सांभाळणारेही एकटे तुम्हीच. म्हणून जास्त बोलत नाही.

फॉर्म भरून टाका.

नीलांबरी

* * *

शॉमबर्ग
१८ एप्रिल २०२५

वहिनी,

डबा मिळाला. मला एक मिळाली. तुमचा हिशेब शोभा काटेकोर पाळते, माझा कोणी पाळत नाही.

इंडियानात घालता येणार नाही. पावत्या पुन्हा एकेक करून पाहिल्या. चार पावत्या केंटकीतल्या हॅरोड्सबर्ग नावाच्या गावच्या आहेत. १६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, २० मार्च. चारही गुरुवार, बरोबर तीन-तीन आठवड्यांनी. हॅरोड्सबर्ग तुमच्या वाटेवर नाही. तुमचा हायवे पासष्ट नंबरचा, तो एलिझाबेथटाउनवरून सरळ जातो. हे गाव तिथून पूर्वेला खूप आत आहे. ५६८ ला चाराने भागलं की येतात १४२, निःशेष. एक्झिट चुकायचा तर इतका शिस्तीत चुकत नाही.

बरं, राज्य तरी कुठलं? डिझेलच्या कराखेरीज मोठ्या ट्रककडून मैलामागे वेगळा कर घेणारी राज्यं या देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. केंटकी त्यातलं एक. तिथले मैल लपवले तर दोन ठिकाणी चूक होते. आणि मैल लपवून तुम्ही पावत्या मात्र इमानदारीने पाठवल्यात. चोर म्हणून तुमचं काही खरं नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. मग चारही पावत्यांवर डिझेलखाली लिहिलेलं वाचलं. दोन कॉफी. दर वेळी दोन. तुम्ही एका वेळी दोन कॉफी कधी प्यायला लागलात? तुम्हाला थकवा येतो का? नकाशा उघडून पाहिलं, तर तिथून पुढे डॅनव्हिल लागतं आणि तिथे हॉस्पिटल आहे. दर तीन आठवड्यांनी केमो देतात हे मला दादामुळे माहीत आहे.

दादाने तीन महिने आम्हाला ॲसिडिटी सांगितली होती. मी त्याला फोनवर आवळ्याचा रस सुचवत होतो. तो "घेतो" म्हणायचा. नंतर तुम्ही म्हणालात की त्यानेच तुम्हाला शपथ घातली होती. मी तुमच्यावर रागावलो नाही, पण ते विसरलोही नाही.

वहिनी, फॉर्म उशिरा गेला तर दंड भरू, तो मोठा नसतो. काय असेल ते सांगा. शोभाला अजून काही बोललेलो नाही.

दिगंबर

* * *

अल्फारेटा
२३ एप्रिल २०२५

भाऊजी,

मी ठणठणीत आहे. हे पहिलं वाक्य दोनदा वाचा. ट्रक चालवायला मेडिकल सर्टिफिकेट लागतं, फेब्रुवारीतच मिळालंय, डॉक्टर म्हणाले ब्लड प्रेशर चाळिशीतल्या बाईसारखं आहे. कॉपी सोबत जोडलीय.

तुमचं पत्र ट्रकमध्ये बसून वाचलं. आवळ्याच्या रसापाशी थांबले. तुम्हाला असं वाटेल हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही फार तर मला विसरभोळी समजाल, आणि ते मला चालणार होतं. आता खरं सांगते.

जानेवारीत बर्फामुळे हायवे बंद होता. वळवलेल्या रस्त्याने मी हॅरोड्सबर्गला पोचले. पंपावर कॉफीच्या मशीनसमोर उभी होते. मागून मराठीत आवाज आला, "अगं बाई, एकदाचं काहीतरी दे."

मी वळून विचारलं, "मला म्हणालात?"

कानटोपी घातलेले एक गृहस्थ होते. ते घाबरले. म्हणाले, "नाही हो, मशीनला. दहा मिनिटं झाली, नुसतं गरम पाणी देतंय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही मराठी कशा?" जणू केंटकीत मराठी असण्याचा हक्क त्यांच्या एकट्याचा होता.

नाव अवधूत पाचपोर. अकोल्याचे. वय चौसष्ट. इकडे कॉलेजात मृदाशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. डॅनव्हिलच्या अलीकडे राहतात. घराशेजारी तंबाखू वाळवायचं जुनं कोठार आहे, त्यापुढे इतकं मोठं अंगण की माझा पूर्ण ट्रेलर वळतो. आता तुम्ही विचाराल, वळतो हे मला कसं माहीत. तर ट्रक मी त्यांच्या दारापर्यंत नेते. एलिझाबेथटाउनच्या एक्झिटपासून एकाहत्तर मैल जाताना, एकाहत्तर येताना. परतीच्या फेऱ्यात, रिकामी असते तेव्हा.

सकाळी अकरा-साडेअकराला पोचते. पंपावरून त्यांच्यासाठी एक आणि माझ्यासाठी एक कॉफी नेते. ते वरणभात करतात. वरण इतकं पातळ, की ताट वाकडं झालं तर पळायला लागतं. दोन तास बसतो आणि मी निघते. बोलायला काय, काहीही. ते माझ्या टायरच्या खाचांतली माती काढतात आणि सांगतात, ही इंडियानाची, ही लाल तुमच्या जॉर्जियाची. ट्रक कुठून आला ते त्यांना पावतीशिवाय कळतं. तुमचीच जात, भाऊजी, फक्त कागदाऐवजी चिखल.

का लपवलं, हे स्वतःला विचारलं. साठ वर्षांच्या बाईने हे कोणाला आणि काय म्हणून सांगायचं? सिनेमाला जातो असं नाही, हातात हात घेतला असंही नाही. फक्त दर तिसऱ्या गुरुवारी त्या एक्झिटला माझा उजवा सिग्नल आपोआप लागतो. वहीत "केंटकी, १४२" लिहायला घेतलं की वाटायचं, हे वाचणारा रवींद्रचा भाऊ आहे. मग पेन बाजूला ठेवायची.

अस्मिताला माहीत नाही. मुलीच्या आधी तुम्हाला सांगतेय.

केंटकीत ५६८ लिहा. आणि रागावला असाल तर तेही लिहा.

नीलांबरी

* * *

अल्फारेटा
२३ मे २०२५

भाऊजी,

महिना झाला. फॉर्म तुम्ही २९ एप्रिललाच भरलात, जॉर्जियाची पोच मिळाली. केंटकीपुढे ५६८ दिसतात. त्याच्यासोबत तुमचं एक अक्षर नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्ही टोल वाढला तरी दीड पान लिहिता.

परवा फोन केला तर शोभा म्हणाली, "ते बाहेरगावी गेलेत." कुठे, तर म्हणे कामासाठी. तुम्ही रिटायर होऊन चार वर्षं झाली. तिला खोटं बोलता येत नाही. मध्येच हसली आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. मला वाटलं तुम्ही तिथेच सोफ्यावर बसून हाताने "नाही" करताय.

तुमचं बरोबर असेल. ट्रक रवींद्रचा. त्याच्या हप्त्यांसाठी आम्ही दोघं आलटून पालटून झोपलोय. तो तिसऱ्याच कोणाच्या अंगणात उभा राहतो हे वाचून तुम्हाला कसं वाटलं असेल, हे मला पत्र टाकल्यावर समजलं. आधी समजायला हवं होतं.

एक मे आणि काल बावीस, दोन्ही गुरुवारी एलिझाबेथटाउनवरून सरळ गेले. वळले नाही. दहा एप्रिलचे १४२ वहीत केंटकीखाली लिहिलेत, तेव्हा या तिमाहीत तुमची बेरीज बरोबर येईल.

आणखी एक. राज्याचं पत्र आलंय, आपलं ऑडिट करणार आहेत. दरवर्षी काही ट्रकवाल्यांना निवडतात, त्यात आपला नंबर लागला. ऑक्टोबरपासूनच्या वह्या आणि पावत्या दाखवायच्या आहेत. त्यांच्या पत्राची कॉपी सोबत आहे. तुम्हाला हे काम आता नको असेल तर स्पष्ट सांगा, दुसरा कोणी बघते.

नीलांबरी

* * *

शॉमबर्ग
२८ मे २०२५

वहिनी,

दुसरा कोणी बघू नका. दुसरा पैसे घेईल आणि चकली घेणार नाही.

शोभा खरं बोलत होती. मी कामासाठीच बाहेरगावी गेलो होतो. पण क्रमाने सांगतो.

तुमचं एप्रिलचं पत्र वाचलं तेव्हा आधी हायसं वाटलं. मेडिकल सर्टिफिकेट मी दोन वेळा वाचलं. मग राग आला. दोन दिवस शोभावर, पेपरवाल्यावर आणि गवत कापायच्या मशीनवर काढला. तिसऱ्या दिवशी शोभाने विचारलं, "वहिनींनी तुमचं काय घेतलं?" तुम्हाला पत्र लिहायला बसलो. तीन लिहिली, तिन्ही फाडली. एकात मी तुम्हाला शाबासकी देत होतो, एकात उपदेश करत होतो आणि तिसऱ्यात नुसता दादाच होता. शेवटी ठरवलं की आपल्याला जे येतं ते करावं. मैल तुम्ही आठवणीने सांगितले होते, त्याला पुरावा नव्हता. अकाउंटंटने जागेवर जाऊन पडताळणी करायला हवी.

तर एकवीस तारखेला मी गाडी काढली. साडेचारशे मैल. देवळापर्यंतच जातो म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. वाटेत दोनदा पाठ धरली, ते शोभाला सांगू नका. एलिझाबेथटाउनला मुक्काम केला, सकाळी एक्झिटवर ट्रिप मीटर शून्य केला आणि निघालो. तंबाखूच्या कोठारासमोर आकडा पडला एकाहत्तर. तुमची जीभ ओडोमीटरइतकी खरी आहे, निदान अंतराच्या बाबतीत.

पाचपोर दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट. मोटारीचा आवाज ऐकून बाहेर आले आणि मला पाहून त्यांचं तोंड उतरलं.

मी म्हटलं, "मी दिगंबर. नीलांबरी वहिनींचा दीर. मैल मोजायला आलोय."

ते म्हणाले, "या. वरण चालतं का?"

वरणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सौम्य होतं. मी वाटीने प्यायलो.

बावीस तारीख होती, वहिनी. गुरुवार. आम्ही दोघं तुमची वाट बघत बसलो होतो. मी तुम्हाला चकित करणार होतो, काय म्हणायचं तेही घोकलं होतं. साडेअकरा वाजले, एक वाजला, अडीच वाजले. मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "त्या चालवत असतील. चालवताना मी फोन करत नाही." तीन वाजता त्यांनी तिसरं ताट उचलून ठेवलं. मागच्या वेळीही असंच ठेवलं असावं, कारण ताट कुठे जातं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आणि त्याच दिवशी तुम्ही साठच्या स्पीडने एलिझाबेथटाउनवरून सरळ गेला होतात, माझ्यामुळे. तुमचं पत्र वाचल्यावर मला ते कळलं.

दुपारी मी त्यांना विचारलं, "ट्रकमध्ये बसून पाहिलंत का कधी?"

म्हणाले, "नाही. शेजारची सीट रवींद्ररावांची. त्यांनी बोलावलं नाही आणि मी मागितलं नाही."

दोन दिवस ज्याच्यावर चिडलो होतो तो माणूस असं बोलल्यावर माझ्याकडे चिडायला काही उरलं नाही. मग मी त्यांना दादाबद्दल सांगितलं, संध्याकाळपर्यंत सांगत होतो. ऐकणं त्यांना चांगलं येतं. मध्ये उठून फक्त लसणाला पाणी घातलं.

आता ऑडिट. पाचपोर बागेची डायरी ठेवतात. रोज पाऊस, तापमान, काय पेरलं, काय उगवलं, आणि कोण आलं. ऑडिटला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही, कारण यांना डिझेलशी काही देणंघेणं नाही. मी फोटो काढून आणलेत. थोडं वाचून दाखवतो.

"६ फेब्रुवारी. पाऊस नाही. नी. ११.४०ला आल्या. लसणाला अजून कोंब नाही. दोघांनी मिळून बटाटे सोलले."

"१ मे. टोमॅटोची रोपं लावली. वाट पाहिली."

आणि ही तिसरी नोंद.

"२४ ऑक्टोबर. हायवेवर ॲक्सिडेंट, सगळे ट्रक इकडून. हॅरोड्सबर्गच्या पंपावर एक ट्रकवाल्या बाई भेटल्या. नागपूरच्या. कॉफीवरून वाद घातला. पुन्हा याल का विचारलं, बघू म्हणाल्या."

ऑक्टोबर, वहिनी. मला तुम्ही जानेवारी आणि बर्फ सांगितलं होतं. पुढे चौदा नोव्हेंबर, पाच आणि सव्वीस डिसेंबरही आहे. मी जुनी फाइल काढली. त्या तिमाहीत तुम्ही ४२६ मैल इंडियानात घातलेत आणि मी डोळे मिटून सही केली. म्हणजे आता ऑक्टोबर ते डिसेंबरचा फॉर्मही दुरुस्त करून द्यावा लागेल. खरं सांगणारं पत्र लिहितानासुद्धा पावणेतीन महिने चोरणारी बाई मी आजवर पाहिली नाही.

इंडियानाकडून काढून केंटकीला द्यायचे आहेत, त्यामुळे रक्कम मोठी नाही. मार्चपर्यंतच्या ५६८ मैलांवरचा केंटकीचा मैलामागचा कर किती होतो माहीत आहे? सोळा डॉलर एकोणीस सेंट. एवढ्यासाठी तुम्ही मला महिनाभर झोपू दिलं नाही.

ऑडिटच्या आधी आपण स्वतः चूक दुरुस्त केली तर ते बरं बघतात. कागद मी पाठवतो, तुम्ही सही करा.

पुढचा गुरुवार बारा जूनला येतो. वळा. आणि वहीत लिहा.

दिगंबर

ता. क. शोभा म्हणते, पाचपोरांना वरणात डाळ घालायला सांगा.

* * *

अल्फारेटा
१७ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

ऑडिट परवा संपलं. निकाल तुम्हाला मेलने आलाच असेल, पण समोर काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही.

ऑडिटर बाई अस्मिताच्या वयाची असेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. तुमच्या फाइलला तिने आधी नुसता हात लावून पाहिला. रंगीत टॅब, राज्यांप्रमाणे. म्हणाली, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या दिराने." म्हणाली, "ते नोकरी शोधताहेत का?" मी नाही म्हटलं. तुमची परवानगी घ्यायला हवी होती का?

मग केंटकीवर आली. तुमच्या दुरुस्त फॉर्मसोबत डायरीची पानं आणि तुम्ही केलेलं भाषांतर होतं. तुम्ही सगळंच भाषांतर केलंत, लसणासकट. ती वाचत गेली. बटाट्यांपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं, परत वाचायला लागली. शेवटी म्हणाली, "मैल जुळतात. बाकीचं आमच्या कामाचं नाही, पण लसूण उगवला का?" मी म्हटलं, उगवला.

व्याजासकट तेवीस डॉलर भरायचे निघाले. तेही दोन पावत्या वाचता आल्या नाहीत म्हणून. तेलाचे डाग. हे तुम्ही आधी सांगितलं होतं असं म्हणू नका.

बारा जूनला वळले होते, ते तुम्हाला डायरीतून कळलंच असेल, कारण पाचपोर हल्ली तुम्हाला दर आठवड्याला फोटो पाठवतात असं ऐकलं. तुमचं दोघांचं वेगळं सुरू झालंय. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, चला, हॅरोड्सबर्गपर्यंत कॉफी घेऊन येऊ. ट्रकनेच. ते पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मी म्हटलं, "बसा हो. मी बोलावतेय." बसले. परत आल्यावर म्हणाले, इतक्या उंचावरून त्यांनी शेतं कधी पाहिली नव्हती.

अस्मिताला फोन केला. सांता क्लाराला सकाळ होती, ऑफिसला निघाली होती. दहा मिनिटं मी प्रस्तावनाच करत होते. ती मध्येच म्हणाली, "आई, इज ही नाइस?" मी म्हटलं, वरण वाईट करतो. म्हणाली, "फायनली." आणि मग रडली, आणि मीटिंग कॅन्सल केली.

आता तुम्हाला एक कामाचं विचारायचंय. ट्रक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा असेल, म्हणजे फेऱ्यासाठी नव्हे, कायमचा, तर इफ्टाचं काय करावं लागतं? जॉर्जियाचा परवाना आपोआप बदलतो की नवा काढायचा? समजा केंटकीत.

घाई नाही. डिसेंबरपर्यंत कळलं तरी चालेल.

नीलांबरी

* * *

शॉमबर्ग
२३ ऑगस्ट २०२५

वहिनी,

तुमचं शेवटचं कलम मी शोभाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला इफ्टा आजवर समजला नव्हता, हे मात्र एका वाचनात समजलं. ती साडी कुठली नेसायची यावर गेली आहे. मी उत्तर देतो.

परवाना आपोआप बदलत नाही. जॉर्जियाचं खातं बंद करायचं, शेवटची तिमाही भरायची, मग केंटकीत नवा अर्ज करायचा. अर्जात सगळ्यात आधी हेच बघतात की ट्रकची नोंदणी कुठली, तो कुठून चालवला जातो, त्याचे कागद कुठे ठेवलेले असतात, आणि फेरा संपला की तो त्या राज्यात परततो का. जिथे परततो ते तुमचं मूळ राज्य. सगळ्या राज्यांचा कर त्याच्याच हाती द्यायचा.

अर्ज मी डाउनलोड करून भरून ठेवलाय. पत्त्याची ओळ रिकामी सोडलीय. ती तुम्ही भरायची, तुमच्या हाताने.

कागद इकडेच राहू देत, असं म्हणणार होतो. पण नियमाने ते मागितल्यावर मूळ राज्यात दाखवता आले पाहिजेत. तेव्हा दादाच्या वेळेपासूनच्या सगळ्या फाइली डिसेंबरमध्ये गाडीत घालून आणतो. साडेचारशे मैल, मला रस्ता माहीत आहे. पाचपोरांना म्हणावं, कोठारात कोरडी जागा करून ठेवा.

नव्या परवान्याबरोबर दोन स्टिकर येतील. ट्रकच्या दोन्ही बाजूंना एकेक लावावं लागतं, ड्रायव्हरच्या बाजूला आणि शेजारच्या बाजूला. ड्रायव्हरच्या बाजूचं तुम्ही लावा. शेजारच्या बाजूचं अवधूतरावांना लावू द्या. मी मागे उभा राहून सरळ लागतंय का ते सांगीन.

दिगंबर